कोरडी वाटी

प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सगळं ताई बघायच्या. लाकडी बोगद्याच्या टोकाला दोन फाटे, एका फाट्याच्या वाटीत साखरपाणी. उंदीर कुठे वळतो ते लिहायचं आणि आधी-नंतर त्याचं वजन करायचं. गोडी आठवली की पाय तिकडे वळतात, हे प्रयोग करणाऱ्या मॅडमना सिद्ध करायचं होतं. एवढा खटाटोप! कुठल्याही आईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

ताईंचेही पाय वळत. चौकातून डावीकडे घर, उजवीकडे आई होती ते रुग्णालय. आठ महिने त्या डबा घेऊन उजवीकडे गेल्या. आई जेवायची आणि शेवटचा घास राखून म्हणायची, "हा तुझा गं." एका संध्याकाळी मात्र अंगात त्राण नव्हतं, म्हणून त्या सरळ घरी गेल्या. पहाटे आई गेली. डब्याची वाट बघत होती, असं नर्स म्हणाली. ते ताईंच्या काळजात रुतून बसलं.

महिन्याभरापूर्वी मॅडमनी साखरपाणी उजव्या वाटीतून डावीकडे हलवलं. बाकीचे उंदीर चार दिवसांत शिकले. 'म्हातारा' मात्र हटून उजवीकडेच जायचा आणि कोरडी वाटी चाटत बसायचा. परत आला की वजन दोन ग्रॅम जास्त.

"काटा बिघडला असेल, ताई."

काटा बदलला. पुन्हा दोन ग्रॅम. ताईंनी वाटीत बोट फिरवलं, खडखडीत कोरडी.

"सवय हो. बिचारा आशेवर जातोय."

"आशेनं वजन वाढतं का, मॅडम?"

मॅडमनी ते आकडे खोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी भात केला, डबा भरला. संध्याकाळी चौकात त्या उजवीकडे वळल्या.

तिसरा मजला, आईची खिडकीजवळची खाट. खाट रिकामी होती, चादर ताणून बसवलेली. त्यांनी डबा उशाशी ठेवला, डोळे मिटले आणि मनात म्हणाल्या, 'आई, उशीर झाला गं.'



"कुणाला भेटायचंय?" नर्सने विचारलं.

"कुणाला नाही." ताई ओशाळल्या. काय हा वेडेपणा! डबा उचलून त्या तडक निघाल्या. रस्ताभर डोळे पुसत होत्या.

जिन्यातच डबा हलका लागला होता, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

घरी ओट्यावर ठेवून झाकण काढलं.

डबा चाटूनपुसून साफ. कोपऱ्यात एकच घास राखलेला.

सकाळी सातला शिजवलेला भात. घासातून वाफ निघत होती.