चकतीतलं वावर

मनकर्णाबाईच्या हातचं धान्य किडत नाही, हे सौंसरात त्यांच्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा पाला, आणि एकदा कोठीचं झाकण लावलं की सुनेचीसुद्धा ते उघडायची हिंमत नाही. त्यामुळे मुलगा गेल्यावर त्याच्या गेमच्या सीड्यांचं काय करायचं, हा प्रश्न बाईंना पडलाच नाही. त्यांनी एकेका चकतीला एरंडेलाचं बोट फिरवलं, जुन्या लुगड्याच्या चिंधीने चोळलं, मधेमधे पाला घातला आणि चळत कोठीत ठेवून दिली. शाळा दुसरीत सुटलेली. पण वस्तू टिकवायची कशी, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांचा अंकुश आणि त्याचा मित्र श्रावण, दोघांनी मिळून पांढुर्ण्याला टीव्ही गेमचं दुकान घातलं होतं. नागपूरहून एक असली चकती आणायची, कॉम्प्युटरवर तिच्या कॉप्या काढायच्या, असली पेटीत बंद आणि कॉप्या पोरांच्या हातात. घासून अडकायला लागली की ती चकती संत्र्याच्या बागेत पोपट हाकलायला टांगायची आणि नवी काढायची. मोबाइल आले, दुकान बसलं, मशीन आणि चकत्या सौंसरच्या घरी आल्या. मागोमाग अंकुशच्या किडनीचं दुखणं आलं.

शेवटचं वर्ष त्याने पलंगावर काढलं, एकच गेम खेळत. एक पडीत वावर, कडेला लाकडी घर, टोपी घातलेला बोटभर माणूस. दगड उचलायचे, नांगरायचं, पेरायचं. खेळ साठवून ठेवायचं कार्ड दुकानातूनच कोणीतरी लांबवलेलं, म्हणून मशीन बंद केली की दिवसभराची मेहनत पुसली जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पडीत, तेच दगड. बाई शेजारी शेंगा सोलत बसायच्या आणि तोंड चालू ठेवायच्या.

"हे कसली शेती रे? गोटे मधातच टाकून राहिला. धुऱ्यावर, बांधाच्या कडेले नेऊन टाक."

"माय, गेममंधी धुरा नसते."

"मंग वावर कायचं ते? अन् कपाशीच्या पऱ्हाटीत तुरीचं तास कोठं हाय?"

"पऱ्हाटी नोहोय माय, जपानातला मुळा होय."

"मुळा असो का तुहा सासरा असो. मधात तुरीच्या ओळीचं तास पाह्यजे."

तो हसायचा. हसताना दम लागायचा. "बरा झालो का तुह्या मनासारखं वावर करून दाखवतो," म्हणायचा.

बरा तो झालाच नाही.

त्यालाही आता दोन उन्हाळे झाले. बाई कोणापुढे रडल्या नाहीत. सांत्वनाला आलेल्या बायकांना त्यांनीच चहा पाजला आणि "रडून झालं असन तं निघा, ऊन वाढून राहिलं" म्हणून वाटेला लावलं. पण दुपार झाली की घर फार गप्प वाटायचं. त्या गेमचं एक बारीक, टिणटिण वाजणारं गाणं होतं. ते वर्षभर घरात वाजत होतं, तेव्हा डोकं उठायचं. आता कान त्यासाठीच जागे राहायचे.

एका दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली. "उर्मिला, तो शेतीवाला गेम लाव बरं."

शाळेत शिकवून नुकतीच आलेली उर्मिला बघतच राहिली. "तुम्ही खेळता, आई?"

"खेळाले मी का लहान पोट्टी हाय? आवाज आयकाचा हाय मले. लाव म्हटलं तं लाव."

बाईंनी स्वतः कोठी उघडली. निळ्या पेनने 'शेती' लिहिलेली चकती काढून दिली. अक्षर अंकुशचं. तेवढं त्यांना वाचता यायचं.

मशीन घरघरली. गाणं सुरू झालं आणि बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर वावर होतं. वावरात एकही दगड नव्हता. सगळे एका कडेला, ओळीने, धुऱ्यासारखे रचलेले.

"तू केलं का हे?"

"मी तर बटनाला हातही लावला नाही, आई. आधीचं काहीतरी राहिलं असेल."

आधीचं काही राहत नाही, हे बाई वर्षभर रोज बघत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वावर नांगरलेलं होतं. उताराला आडवं, त्या सांगायच्या तसं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा रोपं वर आली होती. हिरव्या ओळी, आणि त्यांच्या मधेमधे एकेक ओळ वेगळीच. उंच, पिवळ्या फुलांची.

"हे कोणतं पीक आहे?" उर्मिलाने विचारलं.

बाई पडद्याजवळ सरकल्या. "तूर होय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पडदा मधेच दोनदा गोठला, गाणं अडखळलं. उर्मिलाने श्रावणला फोन केला. तो पांढुर्ण्याहून मोटरसायकलने आला, पाणीसुद्धा न घेता मशीनपाशी बसला. कार्डाची खाच पाहिली. रिकामी. वावर पाहिलं, पडद्यावरच्या तुरीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काकू, या गेममंधी तूर नाही. मीच कॉपी काढली होती याची. अन् सीडीवर एकदा छापलं का छापलं. त्याच्यावर नवीन काही चढत नाही."

"मंग हे कोण करून राहिलं?"

श्रावणने चकती काढून खिडकीच्या उजेडात धरली. वरचा चांदीचा थर पापुद्र्यांनी सुटला होता आणि जागोजाग आरपार ऊन दिसत होतं. त्याने चकती नाकाशी नेली.

"काकू, याले काय लावलं?"

"एरंडेल. किडू नाही म्हणून."

तो हसणार होता. बाईंचं तोंड पाहून थांबला. "तेलानं थर सुटला जी. आता एखाद्या वेळी चालन. तेच्यातच कॉपी काढून घेऊ. असली चकती दुकान बसलं तवाच विकली, हे एवढीच हाय. पण कॉपी काढली तं पुन्हा पाहाले हे टिकणार नाही. अन् पाहत बसलो तं कॉपीले टिकणार नाही. काय करू, सांगा."

"कॉपीत हे वावर येईन?"

"येईन बी. कोरी पडीत बी येईन. सांगता नाही येत."

उर्मिला हळूच म्हणाली, "आई, कॉपी काढू या. काहीतरी तर राहील."

बाई भिंतीवरच्या अंकुशच्या फोटोकडे पाहत होत्या. "नक्कल हायच ना तेथं टांगलेली," त्या म्हणाल्या. "रोज हार घालतो. कधी बोलली का माह्याशी? लाव रे श्रावण. पाहू दे मले."

चकती फिरू लागली. आत खरखर होत होती.

पीक निघालं होतं. वावर स्वच्छ, धुरा सरळ, कडेला तुरीच्या पेंढ्या उभ्या. मधोमध तो टोपीवाला माणूस, पाठमोरा. रिमोट जमिनीवर पडलेला, कोणाचाही हात त्याला नव्हता.

"झालं ना सारं मनासारखं," बाई पुटपुटल्या. मग सवयीने आवाज चढला. "आता उन्हात काहून उभा हाय? घरात जाय."

माणूस वळला आणि घराकडे चालू लागला.

मशीनमध्ये काहीतरी कडकन मोडलं. गाणं थांबलं.

श्रावणने झाकण उघडलं. चकतीचे तुकडे झाले होते. काहीच फिरत नव्हतं.

पडद्यावरचा माणूस मात्र चालतच होता.

श्रावण मागे सरकला. उर्मिलाने बटनाकडे हात नेला. बाईंनी तिचं मनगट धरलं. "राहू दे."

माणसाने दार उघडलं. आतली खोली दिसली. चूल, माठ, खाट. अंकुश खेळायचा तेव्हा त्या खोलीत एकच खाट असायची.

आता दोन होत्या.

दुसरी दाराशी होती, वारा येतो तिथे, जिथे आपल्या घरात बाईंची असायची. माणूस तिच्यापाशी गेला, वाकला. पायथ्याशी घडी घातलेली गोधडी उलगडून त्याने नीट अंथरली, कोपरे ओढून सुरकुत्या काढल्या.

मग स्वतःच्या खाटेवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उघड्या दाराकडे तोंड करून वाट पाहू लागला.