राखून ठेवलेली वीज

रत्नागिरीच्या ऊर्जासंचय प्रयोगशाळेत डॉ. फैयाज मुकादम यांनी तो स्मरणघट, म्हणजे गाडीघराची बॅटरी, तपासणीच्या टेबलावर ठेवला, त्याला तारा जोडल्या आणि पडद्यावर उमटणारा आलेख बराच वेळ पाहिला.

"यात काही बिघडलेलं नाही, मेधा."

"मग माझा फ्रिज का बंद पडतो?"

मेधा टिळेकर समुद्री शेवाळांची अभ्यासक. वर्षातले सहा महिने ती आपल्या गाडीघरात राहून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायची. गाडी इतकी जुनी, की तिच्या मापाची बॅटरी आता कुणीच बनवत नव्हते. गेल्या आठवड्यात कणकवलीच्या एका गॅरेजात तिला अगदी तशीच गाडी दिसली. गाडीचे मालक दत्ताराम मोंडकर आपल्या घटावर वैतागले होते. तो एकतृतीयांश वीज अडवून ठेवायचा, काही केल्या देत नसे. मेधाचा घट सगळी वीज द्यायचा. पण तापला की अचानक मान टाकायचा. त्यापेक्षा म्हाताऱ्यांचा घट बरा, असा तिने हिशोब केला.

"तुझा नीट चालतो ना?" मोंडकरांनी कानामागे हात धरून विचारले होते.

"अगदी छान," मेधा मोठ्याने म्हणाली होती. अदलाबदल झाली. तेव्हापासून ते दोन शब्द तिला टोचत होते.

"स्मरणघटातले क्षार वापराप्रमाणे आपली रचना बदलतात, हे तुला माहीत आहेच," फैयाज सांगू लागले. "पण रोज चालणारं एखादं उपकरण साठा संपून मध्येच बंद पडलं, की घट त्यातून शिकतो. पुढे त्या उपकरणापुरती वीज तो कायम बाजूला ठेवतो. दुसऱ्या कशालाही देत नाही."

"एकदाच बंद पडलं तरी?"

"एकदा पुरतं." त्यांनी आलेखावरच्या एका लाटेवर बोट ठेवले. "हे बघ. भार सारखा वर-खाली होतोय, कुणी श्वास घ्यावा तसा. श्वासयंत्र आहे हे, माणसाच्या श्वासाबरोबर चालणारं. रात्रभर चालायचं."

आपण काय लपवले ते मेधाने अडखळत सांगितले. फैयाजनी शांतपणे तिचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"आधी फोन लाव त्यांना."

तिने लावला आणि स्पीकर चालू केला. मोंडकरांनी उचलताच ती जवळजवळ ओरडलीच. "काका, तुमचं श्वासयंत्र माझ्या घटावर चालवू नका! तो तापला की बंद पडतो. मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"अगं पोरी, ते यंत्र सुलोचनाचं. ती जाऊन दोन वर्षं झाली. मला आता एक दिवा लागतो आणि सकाळचा चहा. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

मेधाला सुटकेने रडूच फुटले.

मोंडकर आपणहून बोलत राहिले. "झोपेतच गेली बघ. किती दिवस आभाळ भरलेलं होतं, आणि नेमकं त्या सकाळी लख्ख ऊन. मला जाग आली तेव्हा यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता. शेवटपर्यंत साथ दिली हो त्याने तिला."

फैयाज तोवर आलेख पुढे सरकवत शेवटाला पोचले होते. त्यांनी पडदा मेधाकडे वळवला. उजाडायच्या थोडे आधी साठा शून्यावर आला होता आणि श्वासाची लाट तिथेच तुटली होती. मग सूर्य वर आल्यावर टपावरच्या सौरपट्ट्यांतून वीज आली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले. पण आता रेषा सपाट होती. लाट त्यानंतर कधीच उठली नव्हती.

"ऐकतेस ना?" मोंडकर विचारत होते. "माझ्या घटाला काय झालं होतं, ते तरी सांग. ती गेल्यापासूनच तो असा अडून बसायला लागला."

फैयाज खिडकीकडे पाहू लागले. या माणसाशी पुन्हा खोटे बोलायचे नाही, असे मेधाने नुकतेच मनाशी ठरवले होते.

"काही नाही, काका," ती म्हणाली. "जुना झालाय, एवढंच."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"तेच म्हटलं," मोंडकर म्हणाले. "उगाच कधीकधी मनात यायचं काहीतरी."