कोरं रक्त

आमच्या विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. मेलेल्या माणसाचं रक्त तपासण्याआधी धडधाकट माणसाचं रक्त यंत्रात घालायचं. त्याला आम्ही कोरं रक्त म्हणतो. त्याच्या आलेखावर सरळ रेघ आली, तरच पुढच्या आलेखावर विश्वास ठेवायचा. हे कोरं रक्त बहुतेक वेळा माझंच असतं, छोट्या कुप्यांत गोठवून ठेवलेलं. माझी सगळी कारकीर्द या यंत्रापुढे, मास स्पेक्ट्रोमीटरपुढे गेली. नवरा त्याला माझी सवत म्हणतो.

रंगाच्या कारखान्यातला एक कामगार कामावर असतानाच दगावला. कारखान्याच्या डॉक्टरांनी हृदयविकार लिहून हात झटकले. त्याच्या बायकोला ते पटेना. ती रोज आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसायची. कोर्टात दाखवायला आमच्या अहवालाखेरीज तिच्या हाती दुसरं काही नव्हतं.

मलाही आधी नुसता संशयच होता, खात्री नव्हती. पहिल्या फेरीत माझ्या कुपीची सरळ रेघ आली आणि त्याच्या रक्तात एक उंच सुळका, कारखान्यात वापरतात त्या द्रावकाचा. दुसऱ्या फेरीतही तेच. तेव्हा माझी खात्री पटली की या माणसाला तिथल्या हवेनं मारलं. तिसऱ्या फेरीत माझ्या कोऱ्या रक्तात सुळका आला. कुपी तीच होती. सुळका त्या कामगाराच्या सुळक्याएवढाच उंच होता.

प्रयोगशाळेच्या संचालकसाहेबांना प्रकरण मिटवायला आयतं निमित्त मिळालं. यंत्रच बिघडलंय, काही आढळलं नाही असं लिहून मोकळ्या व्हा, असं त्यांनी सुचवलं. मी साफ नकार दिला. यंत्र धुतलं, नळ्या बदलल्या, मग नुसतं पाणी घालून पाहिलं. पाण्याचा आलेख स्वच्छ होता. दोष यंत्राचा नव्हता.

मग नवऱ्याला बोलावून घेतलं. सवतीला माझं रक्त पाजतेस काय, म्हणत त्यानं बाही वर केली. त्याच्या रक्ताची रेघ सरळ आली आणि मला हायसं वाटलं. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून बसून राहिला.

"म्हणजे मारलंच की त्याला," तो म्हणाला.

सकाळी त्याच्या कुपीत सुळका होता.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. ज्याला पटलं, त्याच्या रक्तात ते आलं होतं. असं होत नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण भीतीपेक्षा रागच जास्त आला. मला घाबरवून कुणी खोटं लिहून घेणार असेल, मग ते साहेब असोत की हे जे काही आहे ते असो, मी बधणार नव्हते. तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"तुमचा यावर काडीचाही विश्वास नाही ना?"

"मुळीच नाही."

"मग रक्त द्या."

ते हसले आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या रक्ताची रेघ सरळ आली. कुपी पुन्हा लावली, रेघ पुन्हा सरळ. अहवाल लिहून झाला. माझे आणि नवऱ्याचे बिघडलेले आलेखही मी त्यात जोडले, काही लपवलं नाही.

सही करण्याआधी साहेब यंत्रापाशी उभे राहून वाचू लागले. एका पानावर थांबले, मागचं पान उलटून पाहिलं. त्या कामगाराचं वय विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी सही केली.

यंत्र त्यांच्या कुपीची शेवटची फेरी चालवत होतं. पडद्यावरची रेघ हलली.

आम्ही दोघं बघत राहिलो.

ती वर चढत गेली.

साहेबांनी कोपरावरची चिकटपट्टी चाचपली. मी तो आलेखही छापला आणि अहवालात लावला. पाकीट बंद करायला घेतलं.

"कोर्टात हे कोण कोण वाचणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळे," मी म्हणाले. "आणि वाचणाऱ्याला पटेल असंच लिहिलंय."