उद्याची बाटली

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिला सोळा वर्षं झाली होती. दिवसाचं पहिलं काम ठरलेलं: डिस्टिल्ड वॉटरमध्ये पट्टी बुडवायची आणि मीटरवर सरळ रेघ बघायची. पट्टीच्या टोकावर सोन्याचे, डोळ्यांना न दिसणारे कण होते. घातक जंतू त्यांना चिकटला की विजेचा प्रवाह बदलायचा आणि रेघेला कुबड यायचं. प्लेटवर जंतू वाढायला दोन दिवस लागत, पट्टीला दहा मिनिटं पुरत. साहेब पट्ट्यांना खेळणी म्हणायचे. म्हणोत बापडे.

त्या सकाळी डिस्टिल्ड वॉटरलाच कुबड आलं.

तिने पट्टी बदलली. तेच. मग लक्षात आलं, घाईत डिस्टिल्ड वॉटर उद्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं गेलं होतं. नमुन्यांच्या बाटल्यांवर ती आदल्या दिवशीच चिठ्ठ्या लावून ठेवी. हिच्यावर होतं ‘हॉस्पिटल, बालविभाग’ आणि उद्याची तारीख. तेच पाणी तिने आजच्या बाटलीत ओतलं. रेघ सरळ. उद्याची चिठ्ठी सोलून नव्याकोऱ्या बाटलीला डकवली आणि तेच पाणी तिच्यात ओतलं. पुन्हा कुबड, आणि आधीपेक्षा मोठं. उद्याच्या बाकीच्या पाच बाटल्या मात्र गप्प होत्या.

ती तडक साहेबांकडे गेली. बालविभागात तिची भाची होती, अकरा दिवसांची, बाटलीच्या दुधावर.

“चिठ्ठीवरून हॉस्पिटलचं पाणी तोडू?” साहेब हसले. “मग क्लोरीन काय राशी बघून टाकायचं? कालची प्लेट स्वच्छ आहे.”

“कालची आहे, साहेब.”

“तुम्हाला रजेची गरज आहे.”

“मला लाइन बंद करायच्या चावीची गरज आहे,” ती म्हणाली. “मेमो टाइप करून ठेवा, आल्यावर सही करते.”

चावीवाले काका पंपाशेजारी चहा पीत बसले होते. “लेखी आहे का?”

“नाही. द्या इकडे, मीच फिरवते.”

काकांनी तिच्या मनगटांकडे बघितलं आणि पेला खाली ठेवला. “तुमच्याच्याने एक आटा फिरायचा नाही. चला.”

दुपारपर्यंत लाइन बंद झाली, हॉस्पिटलला टँकर लागले आणि तिच्या हातात मेमो पडला. तिने तो घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

दुसऱ्या दिवशी बंद लाइनमधलं पाणी काढलं. पट्टीवर तेच कुबड, रेघेला रेघ जुळणारं. दोन दिवसांनी प्लेट गच्च भरली. रस्ता खणला तेव्हा गटाराला लागून पाइपाला चीर सापडली. तिची कड अजून चकचकीत होती.

“ही ताजी आहे,” काका हळूच म्हणाले. “तुम्ही आलात तेव्हा ही नव्हती, बाई.”

भाचीला मांडीवर घेऊन ती तासभर बसली, मग कामावर परतली. आता एकही चिठ्ठी आदल्या दिवशी लिहायची नाही, असं तिने ठरवलं. संध्याकाळी सहा कोऱ्या बाटल्या मांडल्या आणि स्वतः कुलूप लावलं.

सकाळी तिथे सात होत्या.

सातवीवर चिठ्ठी होती. तारीख उद्याची. अक्षर तिचंच. ठिकाणाच्या जागी लिहिलं होतं, ‘घर’.

तिने पट्टी उचललीच नाही.

“काका,” तिने खिडकीतून हाक मारली, “चावी घ्या. या वेळी माझी गल्ली.”

मग तिने बाटली कपाटात टाकायला उचलली. ती भरलेली होती, आणि आत्ताच कोणी हातातून खाली ठेवल्यासारखी कोमट.