झुलीखालचे पाय

दिवा जरा बारीक करा रे. डोळ्यांवर येतोय. आणि ते दार नीट ओढून घ्या.

ही गोष्ट माझ्या मेहुण्याची, एफ्रेमची. त्याने ती मला एकदाच सांगितली, न्हाणीघरात, अंधारात बसून. परवाच्या हिवाळ्यातली, जुन्या पंचांगाच्या नाताळाच्या आदल्या रात्रीची. सहा जानेवारी.

एफ्रेमचं विमान तुम्ही पाहिलंय. पुढे एक माणूस, मागे एक, बस. थंडीत त्याचा जीव त्या विमानातच. त्याची बायको म्हणते, रात्री आधी विमानाला पांघरूण घालतो, मग उरलंसुरलं माझ्यावर.

विमान मूळचं त्याच्या थोरल्या भावाचं, याकोचं. याको त्या विमानापाशीच गेला. सकाळी इंजिन तापवायचं तर त्यावर ताडपत्रीची झूल टाकायची, खाली पंपाचा स्टोव्ह ठेवायचा आणि ज्योतीवर नजर ठेवत बसायचं. पण डोकं बाहेर. एवढं आपल्यातलं शेंबडं पोरही जाणतं. त्या दिवशी वारा फार होता. याकोने डोकं आत घेतलं आणि झुलीची कड बर्फात दाबून टाकली. आतल्या कोंडलेल्या धुराने त्याला झोप लागली... ती लागलीच.

पुढच्या वर्षी एफ्रेमला मुलगी झाली. याकोचं नाव तिला दिलं. म्हणजे याको घरी आला. एफ्रेम तिला दादाच म्हणतो. आठ वर्षांची पोर, पुढचे दोन दात पडलेले, आणि बाप विचारतो, "दादा, मासा वाढू का?" मीही तिला मेहुणेबुवा म्हणतो. तीही मेहुण्याच्या थाटात माझी टर उडवते. तिला पाणी पाजलं की तिकडे त्याची तहान भागते. तिला कोट शिवला की ऊब त्याला मिळते. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

तर त्या दिवशी सकाळी एफ्रेम मैदा आणि चहा आणायला शहरात निघाला होता. पोरीचं पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं. गावातली दवाखान्याची बाई म्हणाली, जातोच आहेस तर हिलाही डॉक्टरला दाखव. साधंच काम. नाताळाला घरी परत.

अर्ध्या वाटेत नदीवरून धुकं उठलं. पुढे काही दिसेना, मागे काही दिसेना. डोंगरामागचं गोठलेलं तळं तेवढं धुक्याबाहेर होतं. तिथे तो उतरला. विमानाच्या चाकांजागी असलेल्या घसरपट्ट्या बर्फाला चिकटू नयेत म्हणून त्यांच्याखाली फांद्या सरकवल्या, इंजिनातलं तेल गरम असतानाच डब्यात काढून घेतलं, झूल टाकली, लहानसा तंबू ठोकला. रेडिओवर उत्तर आलं, धुकं विरेपर्यंत कुणी येऊ शकत नाही.

तोवर पोरीचं अंग भट्टी झालं होतं. पाय पोटाशी घेऊन पडलेली. उजवीकडे हात लावू देत नव्हती. एफ्रेमला कळायचं ते कळलं. सकाळी उडालो तर पोर आहे. नाही उडालो तर नाही.

स्टोव्ह एकच. रात्रभर तंबूत ठेवायचा, पहाटे झुलीखाली न्यायचा, असं त्याने ठरवलं. बाहेर उणे चाळीस.

मध्यरात्र उलटली आणि पंपाचं चामडं चिरलं. हात मारतोय, मारतोय, हवा धरेना. ज्योत निळी झाली, फडफडली, गेली. तेल लावून पाहिलं, तोंडात धरून मऊ करून पाहिलं. नाही.

त्याने तेलाचा डबा कुशीत घेतला आणि पोरीसकट झोपायच्या पिसांच्या पिशवीत शिरला. तिचा हात हातात धरला. इंजिन सकाळी दगड होणार, हे त्याला माहीत होतं. तो नुसता अंधारात बघत राहिला.

मग आवाज आला.

फुस्... फुस्... फुस्...

पंपाचा.

स्टोव्ह त्याच्या पायाशी होता. गार. त्याने पायाने चाचपून बघितला.

फुस्... फुस्...

त्याने तंबूची फट बोटभर उघडली. धुकं. आणि धुक्यात विमानाची झूल आतून पिवळी झालेली.

झुलीच्या खाली दोन पाय.

सीलच्या कातड्याचे बूट. घोट्याला तांबडी शिवण. आईच्या हातची. ते बूट याकोच्या पायांत घालूनच त्याला पुरलं होतं. खड्डा एफ्रेमनेच खणला होता.

पाय हलत नव्हते. झूल तेवढी हलत होती. थरथर... थरथर... आतला माणूस कुडकुडत असावा तशी.

पोरीने डोळे उघडले. "मला बोलावतोय," ती म्हणाली. "म्हणतो, आत ये."

एफ्रेमने तिला घट्ट धरलं. मग म्हणाला, "दादा... हिला नेऊ नकोस."

पंप थांबला.

काही नाही. वारासुद्धा नाही.

मग झुलीतून, अगदी बारीक... "गारठलोय रे."

तेवढंच.

एफ्रेम सांगत होता, त्याला आधी नुसती भीती वाटली. मग लाज वाटली. एवढी वर्षं भाऊ त्या थंडीत बसलाय... आणि आपण काय करायचं असतं, ते आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्याने अंगातला फरचा कोट काढला. पोरीला घातला. टोपी तिला, पायमोजे तिला. बाटलीत घोटभर कोमट चहा होता, तोही तिच्या ओठांना लावला.

"घे दादा," तो म्हणाला. "ऊब घे."

पोरीने घोट गिळला. डोळे मिटले.

झुलीची थरथर कमी झाली... थांबली.

फुस्... फुस्...

तो आवाज उजाडेपर्यंत चालू होता. एफ्रेम नुसत्या सदऱ्यावर पडून ऐकत राहिला. हात पोरीच्या हातात. त्या रात्री त्याच्या पायाची दोन बोटं गेली. लंगडतो ते त्यामुळे. अस्वलाचं सांगतो ते खोटं.

उजाडलं तसं धुकं विरलं. झूल काळवंडल्यासारखी उभी. खाली पाय नव्हते. बर्फावर पाऊलही नव्हतं. त्याने झुलीत हात घातला. इंजिन चुलीवरच्या तव्यासारखं गरम. त्याने तेल ओतलं, पंखा फिरवला. पहिल्याच फटक्यात लागलं.

पोर वाचली. डॉक्टर म्हणाला, दुपार झाली असती तर हातची गेली असती.

पण तिला ऑपरेशनला आत नेण्याआधी नर्स बाहेर आली. चांगली वयस्क बाई. भलतीच रागावलेली. म्हणाली, "एवढ्या तापात लेकराला रात्रभर स्टोव्हला पंप मारायला बसवलंत? माणूस आहात की कोण?"

एफ्रेम म्हणाला, ती पिशवीतून हललीसुद्धा नाही. तिचा हात माझ्या हातात होता.

नर्सने चादर बाजूला केली.

पोरीचे दोन्ही तळवे काजळीने काळे होते. आणि उजव्या अंगठ्याला पंप मारून मारून आलेला फोड... फुटलेला, ओला.