न जुळणारा ठसा

बाबांच्या खोलीत बसून काम करायची मला एव्हाना सवय झाली होती. रत्नागिरीतलं लहानसं खासगी हॉस्पिटल, वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. बाबांनी उभा जन्म दाभोळच्या खाडीत होडीवर काढला. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. मला भावंड नाही, आई जाऊन वर्ष उलटलेलं. त्यामुळे त्यांच्या उशाशी मीच. झोप अशी नव्हतीच, नुसत्या डुलक्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सारखं खुपायचं.

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी सॉफ्टवेअरची माहिती लिहिते. तेव्हा एका हॅशिंग टूलची लिहीत होते. टूल साधं आहे. त्याला कुठलाही मजकूर द्या, ते त्याचा ठसा काढून देतं, अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. मजकूर तोच असेल तर ठसा तोच. एक काना जरी हलला तरी अख्खा ठसा बदलतो. आणि नुसत्या ठशावरून मजकूर परत काढता येत नाही. माझं लिखाण माणसांसाठी नव्हतं, एआय एजंटांसाठी, म्हणजे आपणहून कामं करणाऱ्या प्रोग्रामांसाठी होतं. ते वाचून एजंट स्वतःच टूल वापरणार, मजकूर वाटेत कुणी बदलला तर नाही ना हे पडताळायला.

उदाहरणाला एक वाक्य हवं होतं. समोर बाबा होते. मी लिहिलं, ‘बाबा, मी इथेच बसले आहे.’ खाली त्याचा ठसा दिला आणि एका एजंटाला ते उदाहरण करून बघायला लावलं.

‘ठसा जुळत नाही,’ एजंटाने कळवलं.

दुपारभर मी तेच करत राहिले. शेवटी माझ्या टीममधल्या ऋत्विकला पुण्याला फोन लावला.

“एखादी स्पेस जास्त पडली असेल गं,” तो जांभई देत म्हणाला.

“काढून बघितलं. पूर्णविरामसुद्धा.”

“दर वेळी वेगळा ठसा येतोय?”

“नाही. चुकीचाच, पण दर वेळी तोच.”

“मग त्याच्यापर्यंत दुसरंच वाक्य पोचतंय. कुठलं तरी एकच.”

“कुठलं, ते बघता येईल?”

“कसं येईल? टूल मजकूर ठेवतच नाही. तूच लिहिलंयस की तसं. झोप जरा गं, पूर्वी.”

तिन्हीसांजा झाल्या. मनस्वी सिस्टर दिवा लावायला आल्या. माझा अवतार बघून म्हणाल्या, “ताई, घरी जाऊन पडा जरा. आम्ही आहोत ना इथे.” त्या गेल्या आणि मला खरंच मोह झाला. शहरालगतच्या नाचणे गावात माझी भाड्याची खोली, तिथली गादी, पंखा... मी पिशवी भरायला घेतली.

तेव्हा तो वास आला. खोलीला एरवी फिनेलचा वास असायचा. हा सोड्यांचा होता. सुकवलेली कोळंबी आणि खोबरेल. आई बाजारातून आली की तिच्या हातांना यायचा, तोच. खिडकी बंद होती.

“बाय...”

मी दचकले. बाबा बोलले होते.

“बाय... तुझी आयस आलीय.”

“कुठे, बाबा?”

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खुर्चीमागे, जरा वर बघत होते. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं.

“ती सांगते... बाय, तू घरी जा. आता मी बसतंय.”

मला काय वाटलं कुणास ठाऊक. मागे वळायचं धाडस नव्हतं म्हणून असेल, मी लॅपटॉपकडे वळले. ‘बाय, तू घरी जा. आता मी बसतंय.’ एवढंच लिहिलं आणि टूलला दिलं.

ठसा जुळला. एजंट दुपारपासून जो पाठवत होता, अक्षरन्‌अक्षर तोच.

मी पिशवी खाली ठेवली. बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मागे न बघता, अगदी हळू म्हटलं, “नको गं आई... अजून नको. मीच बसते.”

वास तिथेच राहिला, माझ्या मानेपाशी. फटफटायला लागलं तेव्हा कधीतरी तो गेला. बाबांचा श्वास चालू होता.

पुढे त्यांना नाचण्याला घेऊन आले. त्या संध्याकाळनंतर ते एक शब्द बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, त्या दिवशीही बोलले नसतील, तुम्हाला भास झाला असेल. मी उदाहरणातलं वाक्य बदललं, सगळं सुरळीत झालं. मीही मानायला लागले होते, भासच असेल.

गेल्या आठवड्यापासून एजंट पुन्हा कळवतोय, ठसा जुळत नाही. दर वेळी एकच ठसा. पण हा नवा आहे. वाक्य कुठलं असेल, याचा मी अंदाजही करत नाही. संध्याकाळी बाबांचे डोळे माझ्या पाठीमागे कुठेतरी खिळतात, ओठ हलू लागतात. मग मी टीव्हीचा आवाज वाढवते, त्यांचं काही ऐकूच येणार नाही इतका.

काल रिमोट सापडेना. सगळी खोली धुंडाळली. तो बाबांच्या उजव्या मुठीत होता, घट्ट आवळलेला. झटका आल्यापासून तो हात हललेला नाही.