जतला नेलेली राणी

रहिमतपूरच्या नाक्यावर एका पिकअपच्या आरशावर माझ्या वडिलांच्या मधमाश्या बसल्या होत्या, आणि पिकअपचा मालक शेजारच्या टपरीवर चहा पीत त्यांच्या उठण्याची वाट बघत होता.

मी धावत आले नव्हते. धावण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता. श्रावणात बाबा गेले. तेव्हापासून दर शनिवारी सांगलीहून घरी यायचं, आईजवळ बसायचं, बाबांच्या मधपेट्या बघायच्या आणि सोमवारी पुन्हा कॉलेजात शिकवायला उभं राहायचं, असं चाललं होतं. दिवाळीनंतरच्या त्या शनिवारी एक पेटी रिकामी सापडली. माश्या घर सोडून गेल्या होत्या. आमच्या उसात काम करणाऱ्या हरिबानं थवा नाक्याकडे जाताना पाहिला, म्हणून बाबांची टोपली आणि पांढरं कापड घेऊन मी चालत आले.

"तुमच्या का?" तो उठत म्हणाला.

"हो. बराच वेळ झाला का?"

"दोन चा झालं."

"मग हाकलल्या का नाहीत?"

"पाव्हण्यास्नी कोण हाकलतंय? चा बी विचारला. नगं म्हणल्या."

मला हसू आलं नाही. पण इथे हसायला हवं होतं हे कळलं, आणि तेवढंही बऱ्याच दिवसांत कळलं नव्हतं.

त्यानं टोपली धरली. हात अजिबात हलत नव्हता, म्हणजे माश्या त्याच्या सवयीच्या होत्या. मी पिसानं त्यांना हळूहळू टोपलीत उतरवत गेले. आरसा मोकळा होत गेला तसा आधी त्यात आभाळाचा तुकडा दिसला, मग माझी ओढणी… मग त्याचे डोळे. तो माझ्याकडे बघत होता. मी बघितलं तरी त्यानं नजर काढली नाही. मीच काढली.

त्याचं नाव अमृत. जतच्या पलीकडच्या एका गावाचा. पुण्याला डाळिंब टाकून रिकामी गाडी परत नेत होता. टोपली मांडीवर घेऊन मी त्याच्या गाडीतूनच घरी आले. आईनं चहा टाकला. हा त्याचा तिसरा, पण तो काही बोलला नाही.

माझे बाबा, लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि त्यांनी मधमाश्या पाळल्या. सातेरी, आपल्या इकडच्या. दोन वर्षांपूर्वी रोग आला. पोळ्यातल्या घरांतच अळ्या मरायच्या, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारख्या व्हायच्या. आसपासच्या सगळ्यांच्या पेट्या ओस पडल्या. बाबांच्याही पडल्या, फक्त एक पेटी तग धरून राहिली. तिच्यापासून त्यांनी आणखी दोन केल्या. या माश्यांच्या रक्तातच काहीतरी आहे, असं ते म्हणत. त्या तीन पेट्या जगवायच्या, एवढंच मी त्यांच्यामागे ठरवलं होतं. दुसरं काही ठरवायची ताकद नव्हती.

अमृतच्या माश्या डोंगरातल्या होत्या. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन ज्या माळांवर फिरायचे, तिथल्या खडकांच्या बिळांतून त्यानं त्या आणून पेट्यांत बसवल्या होत्या, डाळिंबाच्या फुलांसाठी. आता त्यांनाही रोग लागला होता. त्यानं माझ्याकडे एक राणी मागितली.

मी नाही म्हणाले. बाबांच्या माश्या बाहेर जाणार नाहीत, असंही म्हणाले. तो "बरं" म्हणाला आणि आईला विचारून पेट्या बघून आला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी पुण्याचं भाडं असायचं. डाळिंबाचा हंगाम सरला तेव्हा कांद्याचं निघालं, कांदा संपला तेव्हा काय होतं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो आईशी पावसापाण्याचं बोले, पेट्यांच्या पायांना मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या भरून ठेवी. राणीचं नाव पुन्हा काढलं नाही. मी ओट्यावर पेपर तपासत बसायची. तो कधी म्हणायचा, एवढं लाल करू नका, पोरं घाबरत्याल. मी मान वर न करता म्हणायची, घाबरू देत. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची घरघर दिवसभर चालायची आणि त्या आवाजात आम्हाला फार बोलावं लागायचं नाही, ते बरं होतं.

पौषात मी पेटीतली पोळ्याची एक चौकट उचलली आणि तशीच उभी राहिले. अंड्याअळ्यांची घरं एकसलग भरलेली असायला हवीत. इथे मध्ये मध्ये भोकं होती, जवळजवळ निम्मी घरं मोकळी.

"आला का रोग?" अमृतनं हळूच विचारलं.

मी काडीनं चार-सहा अळ्या उचलून बघितल्या. पिशवी नाही, पाणी नाही, वास नाही. दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. तेच. मग मला कळलं. हे मी वाचलेलं होतं, फक्त आपल्या घरी बघायला लागेल असं वाटलं नव्हतं.

मी त्याला सांगितलं. राणी आणि नर जवळच्या रक्ताचे असले की निम्म्या अळ्या सदोष निपजतात, आणि कामकरी माश्या त्या लगेच खाऊन टाकतात. आमच्या तिन्ही पेट्या एकाच पेटीतून निघालेल्या. चारही बाजूंना ऊस, आणि आसपासच्या माश्या तर रोगानंच नेल्या. बाहेरचा नर येणार कुठून?

आई पायरीवर ज्वारी पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "म्हंजे माश्यांचंबी देवक बघायला लागतंय व्हय? एकाच घरात सोयरीक केल्यावर आणि काय हुनार."

आणि ती हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा. अमृतही हसला, मग एकदम खाली चौकटीकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"आमच्याकडं न्हेऊ," तो म्हणाला. "नवी राणी तिकडं उडू द्या. आमच्याकडं अजून नर हायत. तुमच्या राण्या, आमचे नर… दोन्हीकडचं जगंल."

"मिसळल्या की त्या बाबांच्या राहणार नाहीत."

"आणि न्हाई मिसळल्या तर?"

उत्तर मला येत होतं. मी चौकट परत ठेवली आणि घरात गेले.

त्यानंतर तो आला की मी माडीवर असायची. तो आईजवळ बसून जायचा. बाबांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून ठेवलेलं मी दुसऱ्याच्या हवाली करायचं, या विचारानंच मला थकायला व्हायचं. आणि न करण्याच्या विचारानंही. माघ लागला तेव्हा एका पेटीत ओंजळभर माश्या उरल्या होत्या. मी त्याला फोन केला आणि विचारलं, गाडी कधी येतेय?

"तुमी म्हणाल तवा," तो म्हणाला. पुण्याच्या भाड्याचं काही बोलला नाही.

सगळ्यांत भरलेल्या पेटीतली जुनी राणी आम्ही काढून दुसरीकडे घातली. बिनराणीच्या माश्यांनी नवी राणी वाढवायला राणीघरं बांधली. ती पक्की झाल्यावर दिवेलागणीला पेटीचं दार बंद करून गाडीत चढवली. विट्यापर्यंत मी सोबत होते, तिथून सांगलीची एसटी धरायची होती. वाटेत खड्डा आला की तो गाडी इतकी हळू घ्यायचा की मागचे हॉर्न वाजवायचे.

राणी जन्मून नरांना भेटायला उडायच्या बेताला आली, त्या दिवशी मी सांगलीहून जतची एसटी धरली. दुपार होती. डाळिंबाला लालभडक फुलं आली होती, बांधापलीकडे मात्र नुसता पांढरा माळ. अमृतची आई, सुलाबाई, भाकरी घेऊन आली आणि मला बघून त्याला कानडीत काहीतरी म्हणाली.

"आई म्हणतीया, पोटभर जेवा," अमृत म्हणाला.

"माझ्या वर्गात निम्मी मुलं जतची आहेत," मी म्हणाले. "त्या म्हणाल्या, जिच्यासाठी इतकं डिझेल जाळलं ती हीच का?"

सुलाबाई पदर तोंडाला लावून घराकडे गेली. तो भाकरी मोडत राहिला. खाल्ली मात्र नाही.

मग पेटीच्या दारात हालचाल झाली. लांबट अंगाची राणी बाहेर आली, घर ओळखून ठेवत पेटीसमोर घिरट्या घातल्या आणि वर गेली… दिसेनाशी झाली. विजेच्या तारेवर वेडा राघू बसला होता. तो हवेतल्या हवेत माशी टिपतो. अमृतनं ढेकूळ उचलून फेकलं. राघू उडाला, फिरून पुन्हा तारेवर येऊन बसला.

आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. ती परत येईल किंवा येणार नाही. त्या रिकाम्या वेळात मी पहिल्यांदाच त्याला बाबांचं शेवटचं दुखणं सांगितलं. त्यांना घास भरवताना तेच मला कसा धीर द्यायचे, ते. तो तारेवरची नजर काढून माझ्याकडे वळून बसला.

"तुमी लय दमलाय," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मग हितं बसत जावा." आवाज एकदम खाली गेला. "कायमचं म्हणतोय मी. आता सांगू नका… पण म्हणतोय."

मी काही बोलणार, तेवढ्यात राणी आली. जड, संथ, शेपटाशी पांढरा तंतू. नरांशी मिलन झाल्याची ती खूण. दारात क्षणभर टेकली आणि आत गेली. अमृतनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी त्याला उत्तर न देताच संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला परतले. अजून कुणाचं तरी होण्याइतकी मी उरले आहे का, हे मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभरानं, फाल्गुनात, त्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, चौकट मी उघडली न्हाई, तुमीच उघडा.

मी गेले. चौकट उचलली. उन्हाकडे धरली… आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घरं भरलेली होती. सलग, झाकलेली, एकही भोक नाही. वरती नव्या माश्या फिरत होत्या. काही पिवळसर, आमच्या अंगणातल्यासारख्या. काही काळपट, त्याच्या डोंगरातल्या. एकाच राणीच्या. मी त्यांत बाबांच्या कुठल्या ते शोधायला लागले आणि मग शोधणं सोडून दिलं. सगळ्याच होत्या.

माझ्या डोळ्यांतलं पाणी तोंडावरच्या जाळीच्या आत होतं, पुसता येईना. अमृतनं चौकट माझ्या हातातून घेतली, सावकाश जागेवर ठेवली, झाकण लावलं.

"पेटी रहिमतपूरला कवा पोचवू?" त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"हिच्या आणखी राण्या काढू. त्यांतल्या दोन तिकडे नेऊ," मी म्हणाले. "ही इथेच राहील. माझ्याजवळ."

झाकणावरचा त्याचा हात तिथेच थांबला. मी माझा हात त्यावर ठेवला. खाली माश्यांची गुणगुण लाकडातून आमच्या तळव्यांपर्यंत येत होती.

"अजून काही दिवस मी दमलेलीच असेन," मी म्हणाले.

"असा की," तो म्हणाला. "मला कुठं घाई हाय."